एंजिन बंद पडल्यावर

आकाशात विमानाचे एंजिन बंद पडले की विमान दगडासारखे खाली कोसळते, अशी बहुतेकांची समजूत असते. आगगाडीचे एंजिन बिघडले तर गाडी रुळावर उभी राहते, मोटारीचे बिघडले तर ती रस्त्याच्या कडेला ढकलून लावता येते. विमानाखाली रूळ नाही आणि रस्ताही नाही. तेव्हा त्याची गत एकच, असे साध्या विचारास वाटावे ह्यात नवल नाही. परंतु ही समजूत खरी नव्हे. एंजिन विमानास वर धरून ठेवीत नाही. ते त्यास केवळ पुढे ओढते. वर धरतात ते पंख. आणि पंखांची मागणी एवढीच असते की, त्यांच्यावरून हवा पुरेशा वेगाने वाहत राहावी. एंजिन चालू असताना हा वेग पेट्रोल खर्चून मिळतो. एंजिन बंद पडले की तो उंची खर्चून विकत घ्यावा लागतो. सायकलवाला उतारावर पायडल न मारता जातो, तसाच हा प्रकार आहे. उतार आहे तोवर वेग आहे. आकाशातला हा उतार मात्र वैमानिकाने स्वतःच आखावयाचा असतो, आणि तो जमिनीपाशी संपणार हे ठरलेले असते.

हा उतार वाटतो तितका तीव्र नसतो. चार माणसे बसतील असे, एकाच एंजिनाचे ‘सेसना-१७२’ हे विमान घ्या. जगात ह्याच्याइतक्या संख्येने दुसरे कोणतेही विमान तयार झालेले नाही. एंजिन बंद असताना ते एक फूट खाली येते तेव्हा सुमारे नऊ फूट पुढे गेलेले असते. म्हणजे हजार फूट उंचीवर एंजिन थांबले तर वारा नसताना दीड मैलाहून काहीसे अधिक अंतर त्यास तोडता येते, आणि त्यास सव्वा मिनिटाहून थोडा अधिक वेळ लागतो. पुष्कळ झाला, असे घरात बसून वाटेल. त्या आसनावर बसलेल्यास तो फार थोडा वाटतो, कारण तेवढ्यात त्यास खाली उतरण्याची जागा निवडावयाची असते, वाऱ्याची दिशा ताडावयाची असते, पेट्रोलचा नळ व चुंबकयंत्रे तपासून एंजिन पुन्हा चालू होते का ते पाहावयाचे असते, बिनतारी यंत्रावर दोन शब्द सांगावयाचे असतात, आणि हे सर्व करीत असता एका काट्यावरून नजर हलू द्यावयाची नसते. तो काटा म्हणजे वेगाचा.

विमान जर असे सावकाश तरंगत उतरू शकते, तर अशा प्रसंगी माणसे मरतात का, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर एंजिनात थोडे आणि माणसाच्या मनात पुष्कळ सापडते. एक प्रसिद्ध अपघात ह्या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. त्यात बिघाड होता, धावपट्टी अगदी जवळ होती, चूक होण्यास पुरेपूर वाव होता, आणि तरीही वैमानिक वाचला.

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर लॉस एंजेलिस शहरास लागूनच सांता मोनिका हे गाव आहे. तेथील विमानतळ लहान, आणि भोवती घरांची दाटी इतकी की धावपट्टीचे टोक संपते न संपते तोच लोकांची परसे सुरू होतात. अपवाद एकच. धावपट्टीच्या नैर्ऋत्य टोकापलीकडे पेनमार नावाचे गोल्फचे एक सार्वजनिक मैदान आहे. ५ मार्च २०१५ रोजी दुपारी ह्या विमानतळावरून एक जुने, उघड्या बैठकीचे, दोन आसनांचे विमान समुद्राच्या दिशेने उडाले. ते ‘रायन’ जातीचे, १९४२ साली बनलेले, दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्यातील उमेदवारांस उड्डाण शिकविण्यासाठी वापरीत त्या नमुन्याचे होते. त्यात एकटेच बसलेले वैमानिक म्हणजे ‘स्टार वॉर्स’ आणि ‘इंडियाना जोन्स’ ह्या बोलपटांमुळे जगभर ठाऊक झालेले नट हॅरिसन फोर्ड. त्यांचाही जन्म १९४२ चाच. विमान व वैमानिक एकाच वयाचे होते. फोर्ड हे हौसेने उडणारे असले तरी नवशिके नव्हते. त्यांच्यामागे कित्येक वर्षांचा अनुभव होता.

विमान समुद्रसपाटीपासून सुमारे ११०० फुटांवर, म्हणजे जमिनीपासून नऊशेंवर फूट उंच गेले असेल, तोच एंजिनाची शक्ती गेली. फोर्ड ह्यांनी मनोऱ्यावरील अधिकाऱ्यास एंजिन बंद पडल्याचे व तात्काळ परत येत असल्याचे कळविले. अधिकाऱ्याने त्यांस ज्या बाजूने ते उडाले होते त्याच बाजूने उतरण्याची मोकळीक दिली. परंतु तेथवर वळसा घालून जाण्याइतकी उंची आता शिल्लक नाही हे जाणून फोर्ड ह्यांनी त्याच धावपट्टीच्या उलट, म्हणजे आपल्यास जवळच्या टोकाने येतो असे सांगितले. ताशी ८५ मैलांचा वेग राखून ते डावीकडे वळले. वळण पुरे होता होताच दिसून आले की, जवळचे टोकही हाती लागत नाही. तेव्हा त्यांनी गोल्फचे मैदान पत्करले. उतरता उतरता एका उंच झाडाच्या शेंड्यास विमान घासले, आणि मैदानावर आदळून थांबले. तेथून धावपट्टीचे टोक अवघे ८०० फूट दूर होते.

आठशे फूट म्हणजे गिरगावातील एखाद्या आळीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंतचे अंतर. कोणाच्याही मनात येईल की, जरासे आणखी ताणले असते तर? ह्या ‘जरासे ताणण्या’तच बहुतेक मरणे घडतात. ते का, हे समजण्यासाठी पंखाचा स्वभाव थोडा जाणून घ्यावयास हवा.

धावत्या गाडीच्या खिडकीतून हात बाहेर काढून तळहात आडवा धरण्याचा खेळ लहानपणी पुष्कळांनी केलेला असतो, आणि त्याबद्दल मोठ्यांची बोलणीही खाल्लेली असतात. तळहाताची पुढची कड किंचित वर केली की हात आपोआप वर उचलला जातो. आणखी थोडी वर केली की आणखी जोराने उचलला जातो. परंतु एका मर्यादेपलीकडे तळहात उभा केला की, तो वर जात नाही. वारा त्यास नुसता मागे ढकलतो. विमानाच्या पंखाचेही तसेच आहे. पंख व समोरून येणारी हवा ह्यांतील कोन साधारणतः पंधरा-सोळा अंशांच्या आसपास गेला की, पंखावरून गुळगुळीत वाहणारी हवा त्यास सोडून विस्कटते आणि उचलण्याचा जोर एकाएकी ढासळतो. वैमानिक ह्या अवस्थेस ‘स्टॉल’ म्हणतात. मोटारीचे एंजिन ‘स्टॉल’ होते त्याच्याशी ह्याचा संबंध नाही. येथे थकतो तो पंख.

ह्या शत्रूची ओळख मनुष्यास एंजिनाच्या विमानापूर्वीच झाली होती. जर्मनीतील ओटो लिलिएंथाल हा गृहस्थ टेकड्यांवरून स्वतः बनविलेल्या पंखांनिशी तरंगत असे. ९ ऑगस्ट १८९६ रोजी वाऱ्याच्या झोताने त्याच्या पंखांचे तोंड वर उचलले गेले, पंखांचा आधार सुटला, आणि तो पन्नासएक फुटांवरून खाली आला. त्याचा कणा मोडला व दुसऱ्या दिवशी बर्लिन येथे त्याचा अंत झाला. अमेरिकेत राइट बंधूंनी हे मरण विसरावयाचे नाही असे ठरविले होते. आपल्या विमानाचे उंची-सुकाणू त्यांनी पुढे बसविले त्यास हेही एक कारण होते.

आता एंजिन बंद पडलेल्या वैमानिकाच्या मनाकडे पाहू. जमीन वर येत आहे, धावपट्टी थोडी दूर आहे. हाताची स्वाभाविक ओढ दांडा मागे घेण्याकडे, म्हणजे विमानाचे नाक वर करण्याकडे असते. नाक वर केले की क्षणभर विमान खरोखरच कमी उतरते; परंतु ह्या क्षणाची किंमत वेगातून चुकती होते. वेग घटला की पंखास तेवढाच भार पेलण्यासाठी कोन वाढवावा लागतो, कोन वाढला की हवेचा विरोध वाढतो, विरोध वाढला की वेग आणखी घटतो. अशा रीतीने लांब जाण्याच्या आशेने नाक वर करणारा मनुष्य प्रत्यक्षात कमी लांब जातो. लांब जावयाचे असेल तर नाक खालीच ठेवावे लागते, म्हणजे ज्या जमिनीचे भय वाटते तिच्याकडेच तोंड करून बसावे लागते. हे सांगण्यास सोपे आहे. अंगवळणी पडण्यास पुष्कळ तास शिक्षकाशेजारी बसून काढावे लागतात, आणि इतके करूनही ऐन वेळी हात मागेच येतो.

वळणावर ही गोष्ट अधिक बिकट होते. गोफणीतला दगड फिरवू लागताच हातास जड लागतो. त्याप्रमाणे वळणाऱ्या विमानाचा भार पंखांस वाढल्यासारखा होतो. पंख तीस अंश कलले तर ज्या वेगाखाली पंख दगा देतो तो वेग शेकडा ७ ते ८ नी वाढतो, पंचेचाळीस अंशांस शेकडा १९ नी, आणि साठ अंशांस भार दुप्पट होऊन हा वेग शेकडा ४१ नी वाढतो. जो वेग सरळ जाताना निर्धास्त होता तोच वळणावर घातक ठरतो. शिवाय एंजिन नाही, म्हणून गेलेला वेग भरून काढण्याचा उपाय उंची देणे हाच. आणि उंची तर आधीच तुटपुंजी.

ह्यात भूमितीचाही एक डाव असतो, तो पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. ताशी ७५ मैल वेगाने, तीस अंश कलून एखादे विमान उलट दिशेस वळले तर त्याचे अर्धवर्तुळ पुरे होण्यास अठरा-एकोणीस सेकंद लागतात, आणि ते वर्तुळ सुमारे १३०० फूट रुंद असते. म्हणजे तोंड फिरले खरे, परंतु विमान आता धावपट्टीच्या रेषेत नसून तिच्या बाजूला १३०० फुटांवर आहे. रेषेत येण्यासाठी आणखी वळावयाचे, मग उलट बाजूस वळून सरळ व्हावयाचे, आणि हे सर्व उतरत उतरत. त्यातच उडताना समोर घेतलेला वारा परतताना पाठीशी येतो. वाऱ्याने ढकलल्यामुळे खालची घरे व झाडे भरभर मागे जाताना दिसतात. वैमानिकास वाटते, वेग पुष्कळ आहे, आणि तो नकळत तो कमी करतो. धावपट्टीची रेषा ओलांडली जात आहे असे दिसताच वळण आवळण्यासाठी तो पायाने सुकाणू अधिक दाबतो. ह्या दोन गोष्टी एकत्र आल्या की आतल्या बाजूचा पंख आधी हार खातो व विमान त्या अंगास कलंडून भोवऱ्यासारखे फिरत नाकावर येते. तीनचारशे फुटांवरून ह्यातून सावरणे शक्य नसते. जमिनीवरून पाहणाऱ्यास मात्र विमान ‘एंजिन बंद पडल्यामुळे कोसळले’ असे दिसते, आणि वर्तमानपत्रात तसेच छापले जाते.

आणि अजून एक खर्च आहे, विचाराचा. न्यूयॉर्क येथे १५ जानेवारी २००९ रोजी पक्षी शिरून दोन्ही एंजिने निकामी झालेले एक मोठे प्रवासी विमान हडसन नदीत उतरले व त्यातील १५५ माणसे वाचली, ही हकीकत पुष्कळांस आठवत असेल. पुढे चौकशीत वैमानिकांस उड्डाणाच्या नकली यंत्रात बसवून तोच प्रसंग त्यांच्याकडून पुन्हा करवून घेण्यात आला. पक्षी आदळताच तत्क्षणी परत वळले तर धावपट्टी गाठता येते, असे आढळले; परंतु काय झाले हे समजून निर्णय घेण्यास ३५ सेकंद धरले तर ती गाठता येत नाही. तत्क्षणी वळणारा मनुष्य फक्त अशा नकली यंत्रातच असतो, कारण तेथे बसण्यापूर्वी काय घडणार हे त्यास ठाऊक असते. खऱ्या आकाशात पहिले तीनचार सेकंद तरी ‘हे खरे नव्हे’ असे वाटण्यात जातात. म्हणूनच शिक्षक बजावतात की, उडाल्यावर कमी उंचीवर एंजिन गेले तर पाठीमागे पाहू नये. समोर, थोडे डावीकडे, थोडे उजवीकडे जे काही मोकळे दिसेल तेथे उतरावे. आणि हा निर्णय धावपट्टीवर उभे असतानाच मनाशी बोलून ठेवावा, म्हणजे वर तो घेण्यात वेळ जाणार नाही.

फोर्ड मागे वळले होते, हे लपविण्याचे कारण नाही. नवशिक्यास हा मार्ग वर्ज्य सांगतात. नऊशे फुटांवर, जाणत्या हातास तो वर्ज्य होता की नाही ह्याबद्दल वैमानिकांतही दोन मते पडतील. समोर समुद्रापर्यंत वस्ती पसरलेली होती, हेही विसरता येत नाही. परंतु ज्या गोष्टीने त्यांस वाचविले ती वळणे ही नव्हे. वळल्यावर, धावपट्टी समोर दिसत असताना, अवघी आठशे फूट राहिलेली असताना, त्यांनी तिची आशा सोडली आणि वेग सोडला नाही. विमान झाडास घासले तेव्हाही ते उडत होते, कोसळत नव्हते. वैमानिकांच्या बैठकींत एक थट्टा रूढ आहे: एंजिन बंद पडले त्या क्षणापासून विमान विमाकंपनीचे. थट्टेमागील अर्थ असा की, यंत्र वाचविण्याच्या नादात माणूस गमावू नये. जुने, हौसेने जपलेले, पुन्हा न मिळणारे विमान असले म्हणजे हे किती जड जात असेल, हे ज्यांनी एखादी जुनी वस्तू जिवापाड सांभाळली आहे त्यांस सांगावयास नको.

आता आदळण्याविषयी. विमान जमिनीस लागते तेव्हा त्याचा वेग किती, आणि थांबण्यास त्यास अंतर किती मिळते, ह्या दोन गोष्टींवर माणसाचे जगणे-मरणे ठरते. हलक्या विमानांची आसने व पट्टे पूर्वापार असे आखीत आले आहेत की, समोरच्या दिशेने शरीराच्या वजनाच्या नऊपट जोर आला तरी माणूस आसनात टिकावा. हा जोर सारखा राहील असे धरले तर ताशी ५० मैलांवरून थांबण्यास अवघे साडेनऊ फूट पुरतात. वेग दुप्पट, म्हणजे ताशी १०० मैल असेल तर मात्र दुप्पट नव्हे, चौपट अंतर लागते. सुमारे साडेसदतीस फूट. वाऱ्याचे महत्त्व येथेच कळते. ताशी ५५ मैलांनी उतरणारे विमान ताशी २० मैलांच्या वाऱ्यास सामोरे उतरले तर जमिनीच्या हिशेबाने त्याचा वेग ३५ मैल असतो. तोच वारा पाठीशी घेतला तर ७५. दुसऱ्या धडकेतील जोर पहिलीच्या साडेचारपटींहून अधिक. साडेनऊ फूट अंतर मिळविण्यासाठी मोठे मैदान हवे असेही नाही. उभे पीक, झुडपे, दोन झाडांमधली फट, ह्या सर्वांत पंख व चाके मोडू देऊन वेग खर्ची घालता येतो. आसनाभोवतालचा पिंजरा शाबूत राहिला म्हणजे झाले.

परंतु हा हिशेब पट्टा धरील तरच खरा. पेनमार मैदानावर फोर्ड ह्यांच्या ओटीपोटाचे हाड व घोटा मोडला आणि डोक्यास जखमा झाल्या. पुढे अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने चौकशी केली तेव्हा आढळले की, खांद्यावरचा पट्टा आसनाच्या अॅल्युमिनियमच्या पातळ पाठीस पुरेसा आधार न देता जोडलेला होता. धक्क्यासरशी तो तेथून उपटून निघाला. १९४२ सालच्या विमानास असे पट्टे मागाहून लावलेले असतात. लावणाऱ्याचा हेतू चांगलाच होता, परंतु पट्ट्याची ताकद म्हणजे तो ज्यास बांधला आहे त्याची ताकद, हा साधा विचार तेथे राहून गेला. वैमानिकाच्या दुखापती वाढण्यास हे कारण झाले असे मंडळाने नमूद केले.

आणि एंजिन बंद का पडले? ह्याचे उत्तर जुन्या घरांतील स्त्रियांस चटकन समजेल. पंप मारावयाच्या पितळी स्टोव्हला एक निपल असे. त्याच्या बारीक भोकातून रॉकेलची वाफ नेमकी तितकीच येई, आणि ज्योत निळी, एकसारखी जळे. निपल सैल झाले की तेल अधिक येई. ज्योत पिवळी होऊन भडके, काजळी धरी, आणि भांडे तापण्याऐवजी काळे होई. एंजिनातील कारब्युरेटर हे ह्याच जातीचे यंत्र होय. पेट्रोल नीट जळण्यासाठी एक भाग पेट्रोलास वजनाने सुमारे पंधरा भाग हवा लागते, आणि हे प्रमाण राखण्याचे काम त्यातील एक लहानशी, पेच असलेली तोटी करते. फोर्ड ह्यांच्या विमानातील ही मुख्य तोटी आपल्या जागेवरून सुटून आडवी झालेली सापडली. कारब्युरेटर त्यापूर्वी सुमारे १७ वर्षे, विमानाचा जीर्णोद्धार झाला तेव्हा, खोलून पुन्हा जुळविलेला होता. तेव्हापासून एंजिनाच्या कंपाने ती तोटी हळूहळू सैल होत गेली असावी, असे मंडळाचे अनुमान. अखेर पेट्रोल इतके अधिक येऊ लागले की एंजिन त्यात जणू बुडाले. ही तोटी पक्की कशी बसवावी, ह्याबद्दल देखभालीच्या पुस्तिकेत पुरेशा सूचना नव्हत्या, असेही चौकशीत निघाले. पेट्रोल होते, ठिणगी होती, तेल होते. फक्त एक पेच फिरला होता.

सर्वच बिघाड इतके दुर्मीळ नसतात. पुष्कळदा पेट्रोलच संपलेले असते, किंवा एका टाकीतील संपून दुसरीचा नळ उघडावयाचा राहिलेला असतो. दमट हवेत कारब्युरेटरच्या अरुंद घशात बर्फ धरतो. बाहेर वीस-पंचवीस अंश उष्णता असतानाही धरतो, कारण पेट्रोल वाफ होताना व हवा अरुंद जागेतून जोराने जाताना तेथे फार थंडी निर्माण होते. मुंबई-पुण्याच्या पावसाळ्यात ही गोष्ट विसरून चालत नाही.

आणि महाराष्ट्रात असे प्रसंग येत नाहीत असे नाही. २५ जुलै २०२२ रोजी सकाळी बारामतीहून एकटीच उडालेली एक तरुण शिकाऊ वैमानिका आपल्या सेसना-१५२ विमानासह इंदापूर तालुक्यातील कडबनवाडी येथे शेतात उतरली. विमान मोडले, तिला किरकोळ दुखापती झाल्या. गावकरी धावून आले.

अमेरिकेतील पाठ्यपुस्तके शेत पसंत करा म्हणतात, तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे गव्हाची मैलभर सपाट शेते असतात. दख्खनवरील शेत निराळे आहे. वरून हिरवे, गुळगुळीत दिसणारे रान खाली आल्यावर उसाचा पुरुषभर उंच फड निघतो. पट्ट्यापट्ट्यांवर दगडी बांध असतात, मध्येच कठडा नसलेली विहीर असते, आणि विहिरीपाशी विजेचा पंप, म्हणजे तारा आल्याच. तारा वरून दिसत नाहीत. खांब दिसतात, आणि दोन खांब दिसले की मध्ये तार आहेच असे धरून चालावे लागते. नांगरलेल्या रानात सऱ्यांना आडवे उतरले तर चाके अडकून विमान नाकावर येते, म्हणून सऱ्यांच्या दिशेनेच उतरावे लागते. पावसाने भिजलेल्या काळ्या मातीत तर चाके रुततातच, आणि तेथे वेग जितका कमी तितके बरे. हे सर्व सेकंदांच्या हिशेबात पाहावयाचे, आणि एकदा निवडलेले शेत शेवटच्या शंभर फुटांत बदलावयाचे नाही. दुसरे शेत अधिक चांगले दिसले तरी नाही. दोन शेतांच्या मधल्या बांधावर आदळलेली विमाने पुष्कळ आहेत.

विमान शेतात उतरले की त्याच्याकडे सर्वांत आधी पोहोचतात ते आसपासचे लोक. पेनमार मैदानावर त्या वेळी गोल्फ खेळत असलेला मणक्यांचा एक शल्यविशारद धावत गेला, आणि रुग्णवाहिका येईपर्यंत त्याने फोर्ड ह्यांची काळजी घेतली. हे निव्वळ दैव. इतरत्र शेतकरी, गुराखी, शाळेची मुले हीच माणसे तेथे असतात. त्यांच्यासाठी चार गोष्टी सांगून ठेवण्यासारख्या आहेत. पंखा थांबलेला दिसला तरी त्याच्या समोर जाऊ नये व त्यास हात लावू नये, तो एकाएकी फिरू शकतो. पेट्रोल गळत असते, म्हणून विडी-काडी दूर ठेवावी, आणि जवळ विजेची तार तुटून पडली असेल तर वीज बंद झाल्याखेरीज पुढे होऊ नये. आग नसेल तर आतील माणसास ओढून काढण्याची घाई करू नये. त्याचा कणा मोडलेला असण्याचा संभव असतो, तेव्हा डोके-मान न हलविता त्यास तसेच बसते ठेवून बोलत राहावे. आग लागलीच, तर मात्र ह्यातील काही न पाहता पट्टा कापून त्यास बाहेर काढावे.